फ्लोरा फाउंटन : एका कारंज्याचा इतिहास आणि अर्थ

मुंबई शहराच्या कोट विभागात एक जागा अशी आहे की, तिला दोन नावे असून ती दोन्ही लोकांच्या तोंडी आहेत. कोणी तिला ‘फ्लोरा फाउंटन’ म्हणतो, कोणी ‘हुतात्मा चौक’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्यास दोन्ही नावांनी तीच जागा कळते. एक नाव रोमन लोकांच्या एका देवतेचे, तर दुसरे महाराष्ट्रासाठी प्राण देणाऱ्या सामान्य स्त्रीपुरुषांचे. एक नाव दगडात कोरलेल्या मूर्तीवरून पडले, दुसरे रस्त्यावर सांडलेल्या रक्तावरून. ही दोन नावे एकाच चौकात कशी नांदू लागली, आणि दगडाच्या वास्तूला अर्थ प्राप्त होतो तो नेमका कोणामुळे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ज्ञातीच्या स्मरणिकेत कारंज्याची कथा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे.

प्रथम जागेविषयी. आज जेथे कारंजे आहे तेथे पूर्वी मुंबईच्या कोटाची भिंत होती. इंग्रजांनी बांधलेल्या या तटबंदीला तीन मुख्य दरवाजे होते : अपोलो दरवाजा, बाजार दरवाजा आणि चर्च गेट. सेंट थॉमसच्या प्रार्थनामंदिराकडे जाण्याचा रस्ता ज्या दरवाजातून जाई त्यास चर्च गेट म्हणत, आणि त्या दरवाजाच्या जागीच पुढे हे कारंजे उभे राहिले. दरवाजा गेला, तरी त्याचे नाव आजही रेल्वे स्थानकाच्या रूपाने टिकून आहे. १८६२ साली सर बार्टल फ्रिअर मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. शत्रूचे भय संपले होते. आतली वस्ती मात्र दाटीने गुदमरत होती. फ्रिअर यांच्या कारकीर्दीत तट पाडण्याचे काम हाती घेण्यात आले आणि शहराने प्रथमच मोकळा श्वास घेतला.

तो काळही मोठा विलक्षण होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअरबाजारात लोक वेड्यासारखे धावू लागले. १८६५ साली युद्ध संपताच हा फुगा फुटला व कित्येक पेढ्या धुळीस मिळाल्या. फ्लोरा फाउंटन उभे राहिले ते १८६४ साली, म्हणजे भरतीच्या ऐन शिखरावर आणि ओहोटीच्या अगदी उंबरठ्यावर. ज्यांनी त्या दिवसांत कागदी शेअर घेतले त्यांचे शेअर रद्दीत गेले. ज्यांनी कारंज्यासाठी पैसा दिला त्यांचा पैसा मात्र आजही लोकांच्या डोळ्यांसमोर उभा आहे.

हे कारंजे सरकारने बांधले असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ते बांधले पश्चिम हिंदुस्थानच्या ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी’ने, म्हणजे शेती व बागाईत यांच्या सुधारणेसाठी स्थापन झालेल्या संस्थेने. भायखळ्याची व्हिक्टोरिया बाग, जिला आज आपण वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतो, ती याच संस्थेच्या देखरेखीखाली वाढली. हे कारंजेही मूळ त्या बागेतच बसवावयाचे होते. फुलांच्या देवतेला बागेपरते उचित स्थान कोणते? परंतु योग असा की, ती बागेत न जाता पाडलेल्या तटाच्या जागी, वाहत्या रस्त्यांच्या मधोमध येऊन उभी राहिली. त्या बदलाने पुढचा सारा इतिहास बदलला. बागेत ती केवळ शोभा झाली असती. चौकात ती साक्षीदार झाली.

कारंज्यास एकंदर ४७,००० रुपये खर्च आला. त्यांपैकी २०,००० रुपये करसेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी दिले. कारंज्यास गव्हर्नर फ्रिअर यांचे नाव द्यावयाचे असा मूळ बेत होता. पण अनावरणापूर्वीच तो बदलला आणि शिखरावरील देवतेचेच नाव कारंज्यास मिळाले. अशा रीतीने ज्यांच्या गौरवासाठी ही वास्तू योजिली त्या गव्हर्नरांचे नाव तिला लागले नाही. कराचीच्या फ्रिअर हॉलला ते राहिले, मुंबईच्या कारंज्याला नाही. खर्चाचा मोठा वाटा ज्यांनी उचलला त्या पारेखांचे नावही आज रस्त्याने जाणाऱ्या हजारांतून एकास ठाऊक नसेल. तरीही दान वाया गेले असे कोण म्हणेल?

कारंज्याचा आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने केला आणि कोरीव काम जेम्स फोरसाइथ या शिल्पकाराने केले. दगड इंग्लंडमधील पोर्टलंडचा. रंगाने फिकट, कोरण्यास मऊ व नाजूक. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण आणि कुर्ल्याचा पिवळसर दगड ज्या शहरात मुबलक, तेथे हा दगड जहाजातून सातासमुद्रांपलीकडून आला. सुएझचा कालवा त्या वेळी पुरा झालेला नव्हता. तो खुला झाला १८६९ साली. कारंज्याची उंची सुमारे ३२ फूट असून त्यावरील फ्लोरेची मूर्ती ७ फुटांची आहे. तिच्या पायथ्याखाली चार अंगांना प्रतीकरूप आकृती आहेत. त्याखाली सिंहमुखे, मासे आणि शिंपले कोरलेले आहेत. पाणी वरून निघून टप्प्याटप्प्याने खाली येते व शेवटी तळच्या हौदात विसावते.

आता या देवतेची ओळख करून घेऊ. फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची आणि वसंत ऋतूची देवता. आपल्याकडे फुले म्हटली की देवपूजा आणि शोभा यांचीच आठवण होते. परंतु रोमन शेतकऱ्याच्या दृष्टीने फूल ही फळाची व धान्याची पहिली पायरी होती. मोहोर टिकला तर फळ, फुलोरा टिकला तर दाणा. म्हणून फ्लोरेची आराधना ही चैनीची नसून पोटाची होती. शेती-बागाईतीच्या संस्थेने हीच देवता का निवडली, याचा उलगडा येथे होतो.

या देवतेविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रोम शहरात तिचा जो उत्सव होत असे तो उच्चकुलीनांचा नसून सामान्य जनांचा होता. त्या उत्सवात लोक रंगीबेरंगी वस्त्रे नेसत आणि जमलेल्या गर्दीवर हरभऱ्यासारखे दाणे उधळले जात. त्या उत्सवाचा पैसा कोठून आला याचे वर्णन ओव्हिड या रोमन कवीने केले आहे. काही धनवान लोक सार्वजनिक गायराने बळकावून आपली गुरे तेथे चारीत होते. सामान्य जनांच्या अधिकाऱ्यांनी त्यांना दंड ठोठावला आणि त्या दंडाच्या रकमेतून फ्लोरेचे खेळ सुरू केले. म्हणजे जे सर्वांचे आहे ते काहींनीच बळकावू नये, या न्यायाच्या भूमीवर या देवतेचा उत्सव उभा राहिला. पोर्टलंडच्या दगडात तिला कोरणाऱ्यांच्या मनात हा अर्थ असो वा नसो, मुंबईच्या चौकात तो आपोआप प्रकट झाला. तसेच, हा उत्सव २८ एप्रिल रोजी सुरू होऊन मे महिन्याच्या प्रारंभीच्या दिवसांपर्यंत चाले. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे रोजी झाली. हा निव्वळ योगायोग होय. तथापि काही योगायोग मनाला सुखावतात.

कारंज्याचा विचार करताना पाण्याचा विचार केल्यावाचून गत्यंतर नाही. जुन्या मुंबईचे पाणी विहिरींचे आणि तलावांचे. धोबी तलाव, गोवालिया तलाव, कावसजी पटेल तलाव हे आज बुजले आहेत, पण नावे उरली आहेत. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळावाटे शहरात आले आणि मुंबईच्या जीवनात नवे पर्व सुरू झाले. ज्या शहराला चार वर्षांपूर्वी पिण्याच्या पाण्याची भ्रांत होती त्याने १८६४ साली डोळ्यांना सुख व्हावे एवढ्यासाठी पाणी उडवावे, यात त्या काळचा आत्मविश्वास दिसतो. मात्र याच काळात केवळ शोभेवर न थांबता तहानलेल्यांची सोय पाहणारे दातेही निघाले. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी शहरात ४० ठिकाणी पिण्याच्या पाण्याची कारंजी बांधून दिली. मांडवी भागात शेठ केशवजी नायक यांच्या नावाचे कारंजे १८७६ साली झाले. अशा पाणपोईस मुंबईकर ‘प्याऊ’ म्हणतो. फ्लोरा फाउंटन हे प्याऊ नव्हे. ते पाहण्याचे कारंजे. परंतु दोहोंत एक समान गोष्ट आहे, ती ही की ती रस्त्यावर आहेत, आणि रस्ता कोणा एका कुळाचा नसतो.

येथे आपल्या समाजाच्या इतिहासातील एका मोठ्या प्रश्नाकडे वळावे लागते. पाणी सर्वांचे, हे म्हणणे सोपे. परंतु आपल्या देशात शतकानुशतके पाणवठा हाच माणसामाणसांतील भेदाची सीमारेषा होता. पाण्याला ‘सार्वजनिक’ हा शब्द लावून भागत नाही, तो खरा करावा लागतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा सरकारी देखरेखीखालील विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने व न्यायालये अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुली असावीत, असा तो ठराव. पुढे महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. पण कागदावरचा शब्द तळ्याच्या काठी पोहोचला नाही. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहस्रावधी अनुयायांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्राशन करून त्यांनी त्या शब्दाला अर्थ दिला.

बोले हे भंडारी समाजाचे पुढारी. ज्ञातिकार्यात त्यांचे आयुष्य गेले. तरीही त्यांचे नाव इतिहासात ज्या ठरावामुळे अजरामर झाले तो ठराव त्यांच्या स्वतःच्या ज्ञातीसाठी नव्हता. जो माणूस आपल्या ज्ञातीसाठी कष्टला, तोच ज्ञातीच्या कक्षेबाहेर पाहू शकला. या उदाहरणाचे आपणां ज्ञातिसंस्थांत वावरणाऱ्या मंडळींना मोल असावे.

पुनः चौकाकडे वळू. कारंजे झाले आणि त्याच्या भोवती नवे शहर उभे राहिले. १८७४ साली घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या, १९०७ साली विजेच्या आल्या. कारंज्याला वळसा घालून जाणारी ट्राम हे मुंबईचे नित्याचे दृश्य झाले. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली आणि रूळ डांबराखाली गडप झाले. याच परिसरात, कारंज्यापासून हाकेच्या अंतरावर, दादाभाई नौरोजी यांचा पुतळा बसविण्यात आला. तो घडविला बाळाजी वसंत तालीम या मराठी शिल्पकाराने. ज्या दादाभाईंनी हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते याचा हिशेब आकडेवारीनिशी जगापुढे मांडला, त्यांची मूर्ती इंग्लंडहून आणलेल्या दगडाच्या कारंज्याजवळ बसली आहे. एका बाजूस उसळणारे पाणी, दुसऱ्या बाजूस ओसरणाऱ्या संपत्तीचा हिशेबनीस. इतिहासाला बोध सांगावयाचा असला म्हणजे तो असा मूकपणाने सांगतो.

आणि मग २१ नोव्हेंबर १९५५ हा दिवस उगवला. राज्यपुनर्रचना आयोगाचा अहवाल त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. भाषावार राज्ये होणार, परंतु मराठी भाषिकांचे मुंबईसह एक राज्य मात्र होणार नाही, हे दिसू लागताच मराठी मनात असंतोषाचा वणवा पेटला. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून वेगळी ठेवण्याची योजना पुढे आली. त्या दिवशी शहरात संप पुकारला गेला. गिरण्यांचे भोंगे वाजले, पण कामगार आत गेले नाहीत. लालबाग-परळकडून लोक निघाले आणि विधानसभेकडे जाण्यासाठी कोट विभागात लोटले. फ्लोरा फाउंटनचा चौक माणसांनी फुलून गेला. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लाठ्या चालविल्या आणि अखेर गोळीबार केला. त्या दिवशी १५ जणांचा बळी गेला.

तेवढ्यावर भागले नाही. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित राहील अशी घोषणा पंतप्रधान पंडित नेहरू यांनी केली, तेव्हा शहरात पुनः उद्रेक झाला आणि पुनः गोळ्या सुटल्या. कितीतरी घरांतील कर्ती माणसे गेली; खेळती मुलेही त्यांतून सुटली नाहीत. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यास संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे, प्रबोधनकार ठाकरे, सेनापती बापट असे परस्परांहून सर्वथा भिन्न मतांचे पुढारी एका ध्येयासाठी एकत्र आले. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे व गवाणकर यांनी डफावर थाप मारून गावोगाव माणसे जागी केली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्य लादले गेले, पण लोकांनी ते मनाने स्वीकारले नाही. १९५७ च्या निवडणुकीत त्यांनी तसा कौल दिला. शेवटी १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. या लढ्यातील बलिदानाचा ‘१०५ हुतात्मे’ असा उल्लेख महाराष्ट्राच्या तोंडी बसला. पुढे १०६ असाही होऊ लागला.

राज्य झाल्यावर या चौकास ‘हुतात्मा चौक’ असे नाव देण्यात आले आणि कारंज्याच्या शेजारी हुतात्मा स्मारक उभे राहिले. एक शेतकरी आणि एक कामगार दोघे मिळून एक मशाल उंच धरून उभे आहेत, असे ते शिल्प आहे. त्यातील आशय निराळा सांगण्याची गरज नाही. तरीही शेजारच्या देवतेसह ते पाहिले म्हणजे त्यास आणखी खोली येते. फ्लोरा ही पिकाच्या फुलोऱ्याची देवता. तिच्या शेजारी ते पीक काढणारा शेतकरी. १८६४ सालचा पैसा कापसाचा. त्या कापसाचे सूत काढणाऱ्या गिरणीचा कामगार त्या शेतकऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभा. ज्यांच्या श्रमावर हे शहर उभारले गेले पण ज्यांची आठवण चौकात नव्हती, ते शंभर वर्षांनी स्वतःच्या पायांनी चौकात आले. येताना त्यांनी कारंजे फोडले नाही. ते त्याच्या शेजारी उभे राहिले.

स्मारकावर हुतात्म्यांची नावे आहेत. ती केवळ पाहून पुढे जाऊ नये, एकेक करून वाचावीत. त्यांत सीताराम बनाजी पवार आहेत, जोसेफ डेव्हिड पेजारकर आहेत, चिमणलाल डी. शेठ आहेत, के. जे. झेवियर आहेत, पी. एस. जॉन आहेत. मराठी राज्यासाठी झालेल्या लढ्याच्या यादीत ही सारी नावे एका ओळीने बसली आहेत. त्यांच्यापुढे धर्माचा रकाना नाही, जातीचा रकाना नाही. गोळी सुटली तेव्हा तिने कोणाची ज्ञाती विचारली नाही, आणि स्मारकानेही ती विचारली नाही.

हेच सांगण्यासाठी हा लेख ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहावासा वाटला. अलीकडे अशा स्मरणिकांतून आणि सभासंमेलनांतून एक प्रघात दिसू लागला आहे. प्रत्येक ज्ञाती थोर पुरुषांच्या यादीतून आपापली माणसे वेचून काढते : आमचे संत किती, आमचे सेनानी किती, आमचे हुतात्मे किती. आपल्या माणसाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे, त्यास कोणी दोष देऊ नये. लहान मुलास ‘तुझ्याच घरचा एक माणूस एवढा मोठा झाला’ असे सांगितले तर त्याची छाती फुगते, आणि ती फुगावी. परंतु हुतात्म्यांच्या बाबतीत अशी वाटणी करताना फार जपावयास हवे. जो माणूस सर्वांसाठी मेला त्याला आपण पुनः आपल्या कुंपणात ओढून आणले, तर त्याचा मान वाढविला असे होत नाही. त्याने जे दिले ते आपण परत घेतले असे होते. रोममधील त्या धनिकांनी सार्वजनिक गायरान बळकावले त्याच प्रकारचे ते कृत्य होईल.

मग ज्ञातिसंस्था नसाव्यात काय? असे प्रस्तुत लेखकाचे मुळीच म्हणणे नाही. कोकणातून, देशावरून मुंबईस आलेल्या आपल्या वाडवडिलांना प्रथम आसरा मिळाला तो गाववाल्यांचा आणि ज्ञातिबांधवांचाच. एकेका खोलीत दहा-दहा जणांनी दिवस काढले. वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, पतपेढ्या आणि विवाहसाहाय्य ही कामे ज्ञातिसंस्थांनी केली नसती तर कित्येक मुले शाळेची पायरी चढली नसती. ज्या पात्रात पाणी साठतच नाही ते कोणाची तहान भागविणार? तेव्हा पात्र हवे, आणि ते भरलेलेही हवे.

परंतु कारंज्याकडे जरा लक्षपूर्वक पाहावे. वरचे पात्र भरले म्हणजे पाणी काठावरून ओसंडून खालच्या पात्रात पडते, ते भरले म्हणजे त्याच्याही खाली. कोणतेही पात्र ‘हे पाणी माझे’ म्हणून धरून ठेवीत नाही. धरून ठेवील तर ते पाणी शेवाळते, त्यास दुर्गंधी सुटते आणि खालची पात्रे कोरडी पडतात. ज्ञातिसंस्थेचेही असेच आहे. तिने प्रथम आपल्या गरजवंतांचे पाहावे हे युक्त. पण भरल्यावर तिने ओसंडावे हा तिचा धर्म. पारशी दात्याच्या पैशाने झालेल्या कारंज्याजवळ मराठी कामगार उभा राहिला, त्यास कोणी ‘तू परका’ असे म्हटले नाही. भंडारी पुढाऱ्याच्या ठरावाने महाडच्या तळ्याची वाट मोकळी केली. आपल्या मंडळाची शिष्यवृत्ती एखाद्या वर्षी आपल्या ज्ञातीबाहेरच्या हुशार पण निर्धन मुलास मिळाली, तर मंडळाच्या निधीत उणे येईल. प्रतिष्ठेत मात्र भरच पडेल. याचा विचार कार्यकारी मंडळाने अवश्य करावा अशी नम्र सूचना येथे करून ठेवतो.

दानाबरोबर जतनाचाही विचार हवा, कारण बांधणे सोपे आणि राखणे कठीण. फ्लोरा फाउंटनवर वर्षानुवर्षे रंगाचे थर चढविले गेले. रंग दिल्याने वास्तू नवी दिसते असा आपला समज. पण दगडाला श्वास घ्यावा लागतो, आणि रंगाखाली नाजूक कोरीव काम बुजून गेले. पाण्याची यंत्रणाही निकामी झाली होती. कारंजे होते, पण त्यात पाणी नव्हते. अखेर मुंबई महानगरपालिकेने जीर्णोद्धार हाती घेतला. रंग काढला, मोडलेले भाग सांधले, नळ्या पुनः चालू केल्या. ते काम चालू असताना जमिनीखाली ट्रामचे जुने रूळ सापडले; डांबराखाली अर्धशतकाहून अधिक काळ झोपलेला इतिहास अवचित वर आला. जानेवारी २०१९ मध्ये कारंजे पुनः लोकांसाठी खुले झाले, आणि त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा-जतन पुरस्कारांत या कामाचा सन्माननीय उल्लेख झाला. ज्या संस्थांच्या जुन्या वास्तू आहेत त्यांनी या जीर्णोद्धारापासून एवढे शिकावे की, वरून रंग फासणे म्हणजे जतन नव्हे. आतली नळी मोकळी आहे की नाही हे प्रथम पाहावे.

राहता राहिला नावाचा प्रश्न. काही मंडळींचा आग्रह असतो की, परक्या देवतेचे नाव सोडून केवळ ‘हुतात्मा चौक’ म्हणावे. काहींना जुन्या नावाची गोडी सुटत नाही. २०२५ साली सुरू झालेल्या भुयारी मेट्रोच्या स्थानकासही ‘हुतात्मा चौक’ हेच नाव मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. नव्या पिढीच्या तोंडी ते नाव रोज येईल. परंतु नाव तोंडी येणे आणि त्याचा अर्थ मनात असणे यांत अंतर आहे. तिकिटावर ‘हुतात्मा’ हा शब्द वाचणाऱ्या मुलास हुतात्मे कोण, ते कशासाठी गेले, हे सांगणारे घरात कोणी नसेल तर ते नावही एक अक्षरांची ओळच होईल. माझ्या मते कारंजे हे फ्लोरेचे आणि चौक हा हुतात्म्यांचा, एवढा साधा विवेक पुरे आहे. कारंज्याचे नाव घडविणाऱ्यांनी दिले, चौकाचे नाव मरणाऱ्यांनी मिळविले. पहिले पुसण्याचे कारण नाही, दुसरे विसरण्याचा अधिकार नाही.

दरवर्षी १ मे रोजी आणि २१ नोव्हेंबर रोजी हुतात्मा स्मारकावर पुष्पचक्रे वाहिली जातात. त्या दिवशी फुलांच्या देवतेच्या शेजारी, तिच्याच राज्यातील फुले, ज्यांची नावे कोणी राजदरबारी घेतली नव्हती अशा माणसांच्या चरणी पडतात. ज्ञातिबंधुभगिनींनी आपल्या मुलानातवंडांना घेऊन एकदा तरी तेथे जावे. प्रथम कारंज्याचे कोरीव काम दाखवावे, मग दादाभाईंची मूर्ती दाखवावी आणि शेवटी स्मारकावरील नावे मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावीत. वाचता वाचता एखादे मूल विचारील, ‘यांत आपल्यातले कोण?’ तेव्हा वडीलधाऱ्यांनी सांगावे, ‘बाळ, हे सगळेच आपल्यातले.’